त्रिउंड चौथ्या दिवशी

भाची ऑक्टोबरात हिमाचलात, धरमशालेच्या वरच्या मॅक्लिओडगंजला चाललीय, सासूबाईंना घेऊन. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, आम्हाला झेपेल असं काय आहे गं तिथे? जो तो नुसतं त्रिउंड त्रिउंड करतोय." मी सांगितलेलं तिने निम्मंच ऐकलं असणार, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि दारात दूधवाला. म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. तिच्यासारखे आणखी पुष्कळ असतील, त्यांनाही उपयोग होईल.

तर आधी त्रिउंडचंच, म्हणजे मॅक्लिओडगंजच्या वरच्या त्या डोंगरकण्याचं. झेपतं. कधी डोंगर न चढलेल्याला झेपतं, पन्नाशी-साठीतल्यालाही झेपतं. फक्त ते पोचल्यापोचल्या करायचं नसतं. आपल्याकडच्या लोकांचा बेत कसा असतो बघा: अमृतसर, डलहौसी, धरमशाला, मनाली, सगळं आठवड्यात. त्यात धरमशालेला दीड दिवस. रात्रभर घाटातल्या बसमध्ये डोकं आपटत यायचं, सकाळी पोहे शोधायचे, पराठे मिळतात म्हणून कुरकुरायचं आणि दहा वाजता त्रिउंडला निघायचं. मग वाटेत बसकण मारून "हिमालय आपल्याला जमत नाही" असं ठरवून टाकायचं. हिमालयाचा यात काही दोष नाही.

उंचीचा हिशेब एकदा मांडून बघा. आमचं सातारा शहर सातशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक कळसूबाई, १,६४६ मीटर. मॅक्लिओडगंज साधारण २,००० मीटरवर. म्हणजे हॉटेलात गादीवर पाय पसरून बसलात तरी तुम्ही कळसूबाईच्या डोक्यावर साडेतीनशे मीटर आहात. त्रिउंड २,८५० मीटरच्या जवळपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के राहतो. घाबरण्यासारखं काही नाही. विरळ हवेचा खरा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होऊ शकतो, आणि त्रिउंडला आपण दुपारपुरतेच असतो. पण दोन-तीन रात्री खाली काढलेल्या माणसाला तोच चढ बराच हलका जातो. म्हणून त्रिउंड चौथ्या दिवशी, आधीचे तीन दिवस खालच्या वाटा.

दुसरं म्हणजे आपली सह्याद्रीची सवय. आपल्याला डोंगर म्हणजे ऊन, घसारा, कातळात खोदलेल्या पायऱ्या. इथली वाट रुंद, चढ मवाळ, डोक्यावर सावली, अंगाला गार वारा. त्यामुळे पहिला अर्धा तास माणूस सुसाट सुटतो आणि पुढे धापा टाकतो. माझा नियम एकच: सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल, तर वेग कमी करा. माझ्या सोबतीला वन्सं होत्या. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, डाव्या गुडघ्याला पट्टा, आणि बोलणं अखंड. त्यांचं बोलणं थांबलं की मी थांबायची.

पहिल्या दिवशी कोरा. दलाई लामा १९६० साली धरमशालेला राहायला आले. त्यांच्या निवासाला आणि मुख्य मंदिराला धरून जी टेकडी आहे, तिला वेढा घालणारी प्रदक्षिणेची पायवाट म्हणजे कोरा. सावकाश तासाभरात होते. देवदारांची सावली, बसायला जागा, दगडांवर कोरलेले मंत्र, फिरवायची चक्रं, झाडाझाडांतून बांधलेल्या पताका. मध्येच झाडी उघडते आणि खाली अख्खं कांगडा खोरं पसरलेलं दिसतं. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजव्या हाताला देव ठेवून. उलटे जाऊ नका. कोणी रागावत नाही, पण समोरून येणाऱ्या सगळ्या आज्या तुमच्याकडे बघतात.

त्या आज्यांकडे बघूनच चालायला शिकावं. एका हातात माळ, दुसऱ्या हातात काठी, पाऊल लहान, आणि थांबणं नाही. उताराच्या एका वळणावर वन्सं गुडघा धरून तिरक्या उतरत होत्या. मागून आलेल्या एका तिबेटी आजीने त्यांची काठी आपल्या हातात घेतली, दीड हात पुढे, खालच्या पायरीवर टेकवली, तिच्यावर भार दिला आणि मग पाय खाली ठेवला. परत वर आली, पुन्हा तसंच करून दाखवलं. आपण काठी पायाच्या बरोबरीने टेकतो, तिचा उपयोग होत नाही. उतारावर आधी काठी, मग पाय. शब्द एकही न बोलता शिकवणी झाली. आणि ही शिकवणी सबंध मुक्कामात पुरली.

भागसूचा धबधबा मात्र मी थोडक्यात आटोपते. भागसूनाग मंदिरापर्यंत चालत रमतगमत जा, कुंडाचं पाणी बघा, तिथून धबधब्यापर्यंत बांधीव वाट आहे. वाटेवर दुकानं, भजी, सेल्फी. पावसाळा संपल्यावर पाणी छान असतं, मे महिन्यात धार उरते. लहान मुलं बरोबर असतील तर जरूर न्या. नसतील तर सकाळी आठच्या आत जा. भागसू केक नावाचा प्रकार खा. खाली बिस्किटांचा थर, मध्ये कॅरॅमल, वर चॉकलेट. गोडाची जबर आवड असेल तरच सबंध तुकडा घ्या.

दुसऱ्या दिवशी धरमकोटवरून गल्लू देवीपर्यंत. राहायला जमत असेल तर मॅक्लिओडच्या चौकापेक्षा धरमकोटातच राहावं असं माझं मत. थोडं वर आहे, हॉर्न कमी आणि जंगल दारात. गल्लूला गाडीनेही जाता येतं, खडबडीत रस्ता आहे, पण या दिवशी गाडी घेऊ नका. या टप्प्यात गाठायचं असं काही नाहीच. लहानसं देऊळ आहे, चहाची टपरी आहे. पण जे जंगल आहे ते हिमालयातलं मध्यम उंचीवरचं खास जंगल, आणि त्रिउंडच्या गडबडीत ते बघायला कुणाला फुरसत नसते.

यातलं मुख्य झाड बान, म्हणजे इथला ओक. पान हातात घेऊन उलटं करा. वरून गडद हिरवं, कडेला दाते, आणि खालून राखाडी-पांढरं, लव असल्यासारखं. त्यामुळे वारा सुटला की डोंगराची एक बाजू एकदम फिकी पडते, वारा गेला की पुन्हा हिरवी. पाऊस संपला की याच फांद्यांवर शेवाळ आणि नेचे लगडलेले असतात. बानाच्या जंगलात झरे टिकतात असं गावातली माणसं सांगतात, आणि चीडबद्दल विचारलं तर नाक मुरडतात. चीड म्हणजे खालच्या अंगाचा पाइन. त्याच्या सुया वाटेवर साठतात, उन्हाळ्यात पेट घेतात, आणि वाळलेल्या सुयांवर बूट असा सटकतो की विचारू नका. बानाच्या मधूनमधून बुरांश. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर लालभडक फुलांनी झाडं भरलेली असतात, त्याचं सरबतही मिळतं. ऑक्टोबरात फुलं नसतात, पण खोडाची पातळ पापुद्र्यांसारखी सुटणारी साल बघण्यासारखी असते.

लांब शेपटीचा निळा पक्षी दिसला, चोच पिवळी असली, तर तो इथला मॅगपाय. माकडांपासून पिशव्या सांभाळा. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज लांबून ओळखू येतो. वाटेच्या जवळ विपश्यना केंद्रही आहे, आपल्या इगतपुरीच्याच परंपरेतलं. आत माणसं मौनात बसलेली असतात. तेवढ्या पट्ट्यात स्पीकरवर गाणी लावू नका. खरं तर कुठेच लावू नका.

तिसऱ्या दिवशी नड्डी आणि गुणा देवी. नड्डीपर्यंत बस-टॅक्सी जाते. वाटेत दल सरोवर लागतं. काश्मीरचं दल डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल, हे देवदारांच्या घेरातलं छोटं तळं आहे आणि गाळाने बेजार झालंय. पाच मिनिटं बघा आणि नड्डीला या. इथे धौलाधार समोर उभी राहते, मध्ये काही आड न येता. ही रांग अशी अंगावर येते त्याचं कारण तिच्या पुढे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या रांगाच नाहीत. खालचं खोरं हजार मीटरच्याही खाली, आणि समोरची शिखरं चार हजारांच्या कितीतरी वर. मधलं सगळं एका दमात.

नड्डीवरून वाट आधी खाली ओढ्याकडे उतरते, बल गावातून जाते, ओढा ओलांडते आणि मग बान-बुरांशाच्या रानातून गुणा देवीच्या देवळाकडे चढते. गर्दी जवळजवळ नाही. गावातली जुनी घरं मातीने लिंपलेली, छपरं पाटीच्या दगडाची. हा दगड इथल्याच डोंगरातला, खनियारा भागात त्याच्या खाणी आहेत. पाऊस पडून गेला की छपरं शाळेतल्या ओल्या पाटीसारखी काळी चकाकतात. घरं बरीचशी गद्दी लोकांची. गद्दी म्हणजे धौलाधारचे मेंढपाळ. उन्हाळ्यात कळप घेऊन इंद्रहारसारख्या खिंडी ओलांडून चंब्याकडे जायचं, थंडीआधी इकडे उतरायचं. ऑक्टोबरात जाणार असाल तर वाटेत कळप भेटण्याची शक्यता चांगली.

आम्हाला भेटला. आधी वास आला, मग घंटा, मग वळणावरून शेळ्यामेंढ्यांची रांगच रांग. आम्ही वाटेच्या डोंगराकडच्या अंगाला दगडाला टेकून उभ्या राहिलो. कळपाबरोबर काळा, केसाळ, वासराएवढा कुत्रा. गळ्यात लोखंडी पट्टा, त्याला बाहेरच्या बाजूने खिळे. वन्सं माझ्या कानात म्हणाल्या, "वहिनी, हा पट्टा कुत्र्याला शिक्षा म्हणून घातलाय का हो?" मेंढपाळाला विचारलं. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, म्हणून खिळे. अशा कुत्र्याला बिस्किट दाखवून 'आ आ' करू नये. तो ड्यूटीवर असतो. मॅक्लिओडच्या बाजारातली कुत्री वेगळी, ती तुमच्याबरोबर विनाकारण त्रिउंडपर्यंतही येतात.

या वाटेचा एक पेच ध्यानात ठेवा. जाताना आधी उतार आहे, म्हणजे परतताना शेवटी चढ आहे. आपले गड आधी दमवतात आणि मग घरी सोडतात. इथे पाय थकल्यावर नड्डीची चढण समोर येते. म्हणून अंगातलं निम्म्याहून जास्त बळ शिल्लक असतानाच मागे फिरा. देऊळ राहिलं तर राहू दे. ओढ्याकाठी डबा खाऊन परतलात तरी दिवस सुंदर जातो.

आता त्रिउंड. चौथा दिवस. सकाळी सातला गल्लूला हजर. आज गाडीने गल्लू गाठलंत तरी माझी हरकत नाही. तिथे चौकीवर नावं नोंदवतात, ओळखपत्र जवळ ठेवा. गल्लूवरून साधारण सहा किलोमीटर, चढायला तीन ते चार तास. वाट मळलेली आहे, हरवण्याची भीती नाही, पोराटोरांपासून विदेशी आजोबांपर्यंत सगळे असतात. निम्म्या वाटेवर मॅजिक व्ह्यू नावाचं चहाचं दुकान आहे, १९८४ पासूनचं असं ते सांगतात. तिथे थांबायचंच. पुढे चढ हळूहळू उभा होतो, आणि शेवटचा किलोमीटर म्हणजे दगडी वळणांमागून वळणं. त्याला 'बाईस मोड' म्हणतात. मोजू नका, मोजणाऱ्याला ते तीस वाटतात.

वन्सं मॅजिक व्ह्यूपर्यंत आल्या. चहा घेतला, वर पाहिलं, खाली पाहिलं. "वहिनी, तुम्ही व्हा पुढे. मला इथनं दिसतंय तेवढं बास झालं." मी आग्रह केला नाही. त्यांच्याजवळ शाल, पाणी, शेंगदाण्याचे लाडू ठेवले आणि दुकानवाल्याला सांगून पुढे गेले. परत आले तेव्हा त्यांनी दुकानवाल्याच्या लेकीच्या शिक्षणापासून खेचरांच्या भाड्यापर्यंत सगळी माहिती काढली होती. भाचीच्या सासूबाईंनाही हेच सांगायचंय: मॅजिक व्ह्यूपर्यंत गेलं की दिवस वसूल.

खेचरांवरून आठवलं. वरची दुकानं चालतात ती खेचरांवर. घंटा ऐकू आली की डोंगराच्या अंगाला सरका, दरीच्या अंगाला कधीही नाही. खेचराच्या पाठीवर सिलिंडर असतो, गोणी असते, आणि आपली रुंदी किती झालीय याचं त्याला भान नसतं. फोटो काढायला दरीकडे सरकलेली माणसं बघून माझ्या पोटात गोळा येतो.

वर पोचलात की आडवा लांबलचक गवताळ कणा, मधूनमधून मोठाले धोंडे, एका बाजूला कांगडा खोरं आणि दुसऱ्या बाजूला धौलाधारची भिंत. पण हे सगळं बाराच्या आत बघायचं. ऊन तापलं की खोऱ्यातली दमट हवा डोंगर चढून वर येते आणि दुपारपर्यंत ढग होतात. सकाळी कोरं करकरीत आकाश असतं आणि दीड वाजता शेजारचा माणूस दिसत नाही. मे-जूनमध्ये तर दुपारी गडगडाट, गारा, सगळंच. उघड्या कण्यावर विजेत उभं राहण्याची हौस कुणाला असू नये. म्हणून फार तर एक वाजता उतरायला लागायचं. ऑक्टोबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि जंगलात त्याच्याही आधी अंधारतं.

वर तंबूत राहावं का? नियम वरचेवर बदलतात, तिथल्या तिथे वन खात्याच्या माणसांना विचारा. पहिल्यांदा जाणाऱ्याने दिवसात परत यावं हे बरं. कुणी म्हणेल, आलोच आहोत तर आणखी वर स्नोलाइनपर्यंत जाऊ, लाका गोटपर्यंत जाऊ. पहिल्या खेपेला नको. इंद्रहारची खिंड ४,३४२ मीटरवर आहे आणि ते वेगळंच प्रकरण. करेरी तलावाचंही तसंच. इंटरनेटवर त्याला 'सोपा' म्हणतात, पण तो एका दिवसात उरकायचा नव्हे.

सामान थोडं. पकड असलेले, आधीच पायात बसलेले बूट. नवे कोरे बूट घालून जाणाऱ्याला देवच वाचवो. वाऱ्यापासून आडोसा देणारं जाकीट, पावसाचा पोंचो कुठल्याही महिन्यात, टोपी, काठी, दोन लिटर पाणी. वर पाणी मिळेलच असं धरून चालू नका, मिळतं ते खेचराच्या पाठीवरून आलेलं. आणि बायकांसाठी, कारण हे कुणी लिहीत नाही: वाटेवर स्वच्छतागृहांचा भरवसा नाही. पण त्यापायी पाणी पिणं टाळू नका, उंचीवर ते अंगाशी येतं. आडोसे भरपूर आहेत, ओढ्यापासून आणि वाटेपासून लांब जा, कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणा. आम्ही एक जुनी काळी पिशवी त्याच कामाला ठेवली होती.

जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाऊ नका. धरमशालेला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक याच काळात. ढग थेट धौलाधारवर येऊन आदळतात. १२ जुलै २०२१ ला भागसूनागच्या नाल्याला असा लोंढा आला की उभ्या गाड्या वाहून गेल्या. प्रशासन अशा दिवसांत वाटा बंद करतं, तेव्हा "आम्ही महाबळेश्वरचा पाऊस बघितलाय" असं सांगू नये. जानेवारी-फेब्रुवारीत वर बर्फ, तेही नवख्याला नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, नाहीतर मार्चअखेर ते एप्रिल.

त्रिउंडच्या दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात. जिना उतरताना जास्तच. तेव्हा अंथरुणात पडून न राहता सेंट जॉन चर्चपर्यंत चाला, मॅक्लिओडवरून फोर्सिथगंजच्या रस्त्याने. १८५२ मधलं दगडी चर्च, देवदारांच्या दाट रानात. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात कांगडा खोऱ्यात सुमारे वीस हजार माणसं गेली, गावंच्या गावं बसली; या चर्चचा घंटाघराचा मनोरा पडला, पण इमारत टिकली. आवारात लॉर्ड एल्गिनची कबर आहे. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, १८६३ मध्ये धरमशालेतच वारला. वन्सं तिथल्या कबरींवरची वयं वाचत फिरत होत्या, किती कोवळी पोरं होती म्हणून हळहळत होत्या. जाताना-येताना रस्ता अरुंद आहे आणि टॅक्सीवाले वळणावर हॉर्न देतीलच असं नाही. सासूबाईंचा हात धर आणि दोघी एकामागे एक चाला.